कॅनॉलवरचा गुरुवार

मामांनी टोपी पुढे केली आहे. एकेक जण हात घालून चिठ्ठी उचलतो, उलगडतो आणि कालव्याच्या सिमेंटच्या उतारावर खडूने लिहिलेला आपला आकडा शोधत चालू लागतो. तीन नंबर सगळ्यांना हवा असतो. तो गेटाच्या खांबालगत आहे, तिथे ऊन चढेपर्यंत सावली टिकते आणि सावलीत मासा थांबतो. आज तो चाकणच्या फोर्जिंग कारखान्यातल्या मुर्शिदाबादच्या पोराला निघतो. तिसरी पाळी संपवून तो तसाच इथे आला आहे, डोळे लाल आहेत.

"झोपला नाहीस होय रे?" मामा विचारतात.

"जुम्मे को सोएगा, मामा."

चास-कमान धरणाचा हा डावा कालवा. चाकण मागे टाकून राजगुरुनगर ओलांडलं की आपण भीमेच्या पाण्यावर येतो. उन्हाळी आवर्तन नुकतंच बंद झालं आहे. वरच्या अंगाला कालव्याचा तळ उघडा पडलाय, चिखलाला भेगा जायला लागल्यात. पण गेटाच्या अलीकडे खोलगट भागात पाणी तुंबून राहिलं आहे, हिरवट, संथ, माणूसभर खोल. धरणातून पाणी सुटतं तेव्हा मासेही त्याच्याबरोबर येतात. पाणी थांबलं की ते अशा तुकड्यात कोंडले जातात. उन्हाच्या तडाख्याने हा तुकडाही आटेल, आणि मग टोपल्या घेऊन लोक आत उतरतील. त्याआधीचा हा गुरुवार गळवाल्यांचा. गुरुवारच का, हे पिंपरी-भोसरीच्या माणसाला सांगावं लागत नाही. कारखान्यांची सुट्टी त्याच दिवशी असते.

नियम मामाच सांगतात. ते भोई, त्यांच्या घरात नदीवर जगण्याची पिढ्यांची रीत. स्वतः शर्यतीत उतरत नाहीत, पण पंच तेच. एक छडी, एक गळ, दोन तास. मासा जिवंत ठेवायचा, पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिशवीत. शेवटी एकूण वजन. जाळं, विजेचा करंट, विषारी पावडर यांतलं काहीही दिसलं तर त्या माणसाने पुन्हा इकडे फिरकायचं नाही. मामा हे सांगताना कुणी हसत नाही.

शिट्टी होते. काट्याची जबाबदारी माझ्याकडे आहे, पण तोवर मी काकांच्या शेजारी बसलो आहे. काका भोसरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी अजून गळाला आमिष लावलेलंच नाही. गळात शिशाचा जड गोळा अडकवून ते आधी पाण्याचा ठाव घेताहेत: इथे एवढं, हातभर पुढे तेवढं. तळाची पायरी कुठे उतरते ते सापडल्यावर तंगुसावरची मोरपिसाची काडी ते बोटभर वर सरकवतात. काडीचं टोक नेलपॉलिशने लाल केलेलं. मग शिशाचे बारीक दाणे, एक लावतात, एक काढतात, पुन्हा लावतात. पाण्यावर फक्त ते लाल टोक राहायला हवं. काडी जास्त वर राहिली तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलेला हात आहे हा, तो घाई करत नाही.

बाजूला एका तरुणाचं नवं कोरं रीळ फिरतंय. त्याने लांब फेकलं आहे, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. काका मान हलवतात. "मासा पायाशी आहे. सावलीला, पायरीला. लांब काय ठेवलंय?"

ते भाताचा कोंडा आणि भिजवलेली शेंगपेंड मुठीत दाबून दोनच गोळे हलकेच सोडतात. गळाला कणकेची वाटाण्याएवढी गोळी.

काडी थरथरते. काका हलत नाहीत. काडी आडवी सरकते आणि एकदम खाली जाते. आता मनगटाचा छोटा झटका, आणि छडी वाकते. चिलापी. तळहाताएवढी, काळपट, काटे फुलवलेली. काका ती ओल्या हाताने काढून पिशवीत टाकतात. "ही ओढत नेते. रोहू आधी काडी उचलतो, मग विचार करतो. मिरगळ तळाला नाक घासत येतो. बघत बसलं की कळतं."

चिलापी १९५२ साली परदेशातून भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात आणि दुसऱ्या माशांना जागा उरत नाही. उजनीत तिचंच राज्य आहे. म्हणून इथला एक नियम मला फार पटतो: चिलापी काट्यावर मोजायची, पण पाण्यात परत सोडायची नाही. ती घरी जाते, कालवणात. रोहू, कटला, मिरगळ आणि नदीचे जुने मासे मात्र बादलीतून भीमेत जातात.

मधला अर्धा तास पाणी गप्प आहे, आणि काका बोलू लागतात. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली तेव्हा ते शिकाऊ कामगार होते. गुरुवारी सायकलवर पवनेला जायचं, थेरगावच्या अंगाला. पाण्यात तळाचे गोटे दिसायचे, शिंगटी आणि वाम मिळायची. अशीच चुरस तिथेही लागायची, हरेल त्याने मिसळ द्यायची. मग माशाला रॉकेलसारखा वास यायला लागला. ते इंद्रायणीवर सरकले, मोशीच्या पुढे. काही वर्षांनी तिथेही फेस आला. मग भामा. आता इथे.

मी ऐकतो आणि मनात नकाशा मांडतो. कारखाने ज्या दिशेने पसरत गेले त्याच दिशेने गळ मागे हटत गेला, एकेक नदी सोडत. रावेतच्या बंधाऱ्यावर शहर पवनेचं पिण्याचं पाणी उचलतं आणि त्याच नदीला खाली दापोडीपर्यंत सांडपाणी परत देतं. आळंदीला वारकरी फेसातून वाट काढत स्नान करतात. हे आपण सहन करतो याचा मला संताप येतो. प्रदूषणाचे अहवाल निघण्याच्या कितीतरी आधी या माणसांना नदी बिघडल्याचं कळलं होतं, कारण त्यांच्या पिशवीत येणारा मासा बदलला होता. त्यांना कुणीही विचारलं नाही.

"देहूला टाकलाय कधी गळ?" मी विचारतो.

काका कानाच्या पाळीला हात लावतात. "तुकोबांचा डोह आहे तो. तिथे लाह्या टाकायच्या."

त्या श्रद्धेने देहूत महासीर राखला. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ज्या दख्खनी महासीरचं वर्णन शास्त्रात नोंदवलं तो पुण्याच्या मुळा-मुठेतलाच होता. आज त्या पाण्यात तो शोधूनही मिळणार नाही. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून तलावांमध्ये सोडतात, तेवढा आधार.

आपल्या या चिठ्ठ्या आणि काटा पाहताना मला दूरचं एक साम्य आठवतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरांमध्ये कामगारांनी सुट्टीच्या दिवशी कालव्यांवर अशाच शर्यती भरवल्या. जागा चिठ्ठीने ठरायची, मासा जाळीत जिवंत राहायचा, निकाल काट्यावर लागायचा. या बारा जणांपैकी कुणाला ते माहीत असेल असं वाटत नाही. पाळीत बांधलेल्या माणसाला दोन तास स्वतःच्या नजरेवर चालणारं काम हवं असतं, आणि ते दोन्हीकडे त्याने पाण्याशीच शोधलं.

तीन नंबरवर गडबड उडते. मुर्शिदाबादच्या पोराची छडी पाण्याला टेकायला आली आहे. तो ओढत नाही, तंगूस ढिला सोडतो, पुन्हा घेतो, खांबापासून मासा बाजूला वळवतो. सगळ्यांचे गळ थांबलेत. काका उठून हातजाळी घेऊन त्याच्याकडे जातात. शर्यतीत ते त्याच्याविरुद्ध आहेत, तरी जाळी तेच धरतात. रोहू. खवल्यांवर तांबूस झाक, शेपूट जाळीबाहेर.

शिट्टी. मी काटा लावतो. काकांची पिशवी दोन किलो शंभर ग्रॅम, सगळी चिलापी आणि एक मिरगळ. नव्या रिळाची पिशवी रिकामी. पोराची दोन किलो सहाशे.

"आमिष काय होतं?" काका विचारतात.

तो डबी उघडतो. पावाच्या गरात मळलेली लाल मुंग्यांची अंडी. आंब्याच्या झाडावरचं घरटं काठीने पाडून काढलेली, हाताला अजून चाव्यांचे फोड आहेत. "गाँव में बाबा सिखाए थे, काका."

काका डबी नाकाशी नेतात, बोटावर थोडं घेऊन मळून बघतात. "पाण्यात किती वेळ टिकतं? विरघळत नाही?"

"घी थोड़ा डालना पड़ता है।"

रोहू आणि मिरगळ बादलीत जातात, वर ओलं पोतं. मोटारसायकलवर बादली मांडीत धरून पोरगा मागे बसतो, गाडी काका चालवणार आहेत. भीमा जवळच आहे, पण पाणी तापायच्या आत पोचायला हवं. मामा मागून ओरडून सांगतात की पाणी एकदम ओतू नका, नदीचं पाणी आधी बादलीत थोडं थोडं मिसळा.

"माहितीये!" काका किक मारत म्हणतात, आणि मान मागे वळवून पोराला विचारतात, "आणि त्या मुंग्या कुठल्या आंब्यावर आहेत म्हणालास?"