नायकासारखा न दिसणारा नायक

१९७५ साली नजीब महफूज यांच्या ‘अल-कर्नाक’ कादंबरीवरचा सिनेमा इजिप्तमध्ये झळकला. त्यातल्या तरुण नायकासाठी आधी नाव ठरलं होतं अहमद झकीचं. ऐनवेळी त्याला वगळून नूर अल-शरीफला घेतलं गेलं. सुआद हुस्नीसारखी देखणी नटी या काळ्यासावळ्या, कुरळ्या केसांच्या पोरावर भाळेल हे लोकांना पटायचं कसं, असा आक्षेप पैसा लावणाऱ्यांनी घेतल्याचं सांगितलं जातं. गोऱ्यागोमट्या नायकांना सरावलेल्या त्या धंद्याला आपल्याच मातीतला रंग चालत नव्हता, याची चीड आजही येते.

झकी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या झगाझीगचा. वडील तो तान्हा असतानाच गेले, आईनं दुसरं लग्न केलं आणि पोर नातेवाइकांकडे वाढलं. औद्योगिक शाळेत नाटकाचा नाद लागला आणि तो त्याला कैरोच्या नाट्यसंस्थेत घेऊन गेला. सत्तरच्या दशकात तुफान चाललेल्या ‘मदरसत अल-मुशाघिबीन’ या नाटकात आदिल इमाम आणि सईद सालेह हशे वसूल करायचे. झकी होता वर्गातला गरीब, कविता करणारा मुलगा. १९७९ मध्ये ‘अल-अय्याम’ या मालिकेत त्यानं अंध साहित्यिक ताहा हुसेन उभे केले आणि तो घराघरांत पोचला.

‘अल-कर्नाक’चेच दिग्दर्शक अली बद्रखान यांनी १९७८ मध्ये ‘शफीका आणि मेतवल्ली’त त्याला सुआद हुस्नीसमोर उभं केलं, पण भाऊ म्हणून. प्रियकर व्हायला १९८१ उजाडावं लागलं. मोहम्मद खान यांच्या ‘मौइद अला अल-अशा’मध्ये श्रीमंत नवऱ्याला सोडून आलेली सुआद एका साध्या केशभूषाकाराशी संसार मांडते. तो केशभूषाकार झकी होता, आणि प्रेक्षकांना ते पटलं. खान यांचे वडील पाकिस्तानी, आई इजिप्शियन. कैरोच्या गल्ल्या मात्र त्यांच्याइतक्या जिव्हाळ्यानं फार थोड्यांनी टिपल्या.

ऐंशीच्या दशकात खान, आतिफ अल-तय्यब, खैरी बिशारा यांनी कॅमेरा स्टुडिओतून रस्त्यावर आणला. त्यांना हवा होता तो चेहरा झकीकडे होता. माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम तय्यब यांच्या ‘अल-बरी’मध्ये (१९८६) आहे. सक्तीच्या लष्करी सेवेत आलेला एक अडाणी, भाबडा खेडूत राजकीय कैद्यांच्या छावणीवर पहारा देतो. आत आहेत ते देशाचे शत्रू, असं त्याला शिकवलेलं असतं आणि ते त्यानं मनापासून मानलेलं असतं. त्या विश्वासापायी तो एका कैद्याचा जीवही घेतो. मग एके दिवशी नवे कैदी उतरतात. हातात चाबूक घेऊन रांगेत उभा असलेला हा शिपाई त्यांच्यात आपल्या गावचा, शिकलेला जिवलग मित्र हुसेन पाहतो. झकी इथं आधी हसू की नको अशा गोंधळलेल्या आनंदानं बघतो, मग त्याच चेहऱ्यावर भीती चढते आणि तो मित्राला अंगाखाली घेतो. हुसेन देशाचा शत्रू असूच शकत नाही, एवढंच त्याला कळतं. सरकारी कात्रीनं सिनेमाचा मूळ शेवट छाटला. उरला तो कैद्यांची पुढची गाडी येताना पाहून पहाऱ्यावरच्या झकीनं फोडलेला टाहो.

नव्वदच्या दशकात याच माणसानं थेट राष्ट्राध्यक्ष साकारले. ‘नासर ५६’ (१९९६) सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणावरचा, मुद्दाम कृष्णधवल ठेवलेला सिनेमा. त्यात अमीना रिझ्क यांनी रंगवलेली म्हातारी कालवा खणताना मेलेल्या पूर्वजाचे कपडे नासरना आणून देते. १९७८ च्या ‘शफीका आणि मेतवल्ली’त झकी स्वतःच कालव्याच्या वेठबिगारीवर धरून नेलेला तरुण होता, हे ज्याला आठवतं त्याच्या पोटात तिथं कालवतं. २००१ मध्ये खान यांच्यासोबत त्यानं सादातही केले.

शेवटची भूमिका गायक अब्देल हलीम हाफिझ यांची. तेही झकीच्याच शर्किया प्रांतातले, तेही पोरके, तेही आजारानं पोखरलेले. फुप्फुसाचा कर्करोग झालेला झकी शरीर साथ देईल तोवर चित्रीकरणाला उभा राहिला आणि २७ मार्च २००५ रोजी गेला. तरुण हलीमची भूमिका त्याचा मुलगा हैसम यानं केली; सिनेमा २००६ मध्ये आला. ‘हलीम’ विस्कळीत आहे, तो झकीच्या ओढीनंच बघवतो. झकी पहिल्यांदाच पाहणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये, ‘अल-बरी’ लावावा.