वाराणसीच्या लंकेहून श्रीलंकेला

वाराणसीस बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट उमगते : येथे लंकेला जाण्यासाठी पासपोर्ट लागत नाही. गोदौलियाच्या चौकात उभे राहून ‘लंका’ एवढे म्हटले, की रिक्षावाला आपल्याला काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सिंहद्वारापाशी आणून सोडतो. रामलीलेतील रावणाची लंका पूर्वी त्या भागात उभी राहत असे, म्हणून हे नाव पडले, असे येथील जुने लोक सांगतात. त्यामुळे ‘यंदा आपण लंकेला जाऊ’ असे आईने जेवताना जाहीर केले, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने अगदी सहज विचारले, “लस्सी प्यायला?”

आईला अभिप्रेत होती ती समुद्रापलीकडची श्रीलंका. आम्ही मूळचे नागपूरचे. वडील रेल्वेत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे 1950 मध्ये कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते, ही गोष्ट ते आम्हां मुलांना अनेकदा सांगत. आणि निवृत्तीनंतर आपणही एकदा तो देश पाहायचा, हे वाक्य त्या गोष्टीच्या शेवटी ठरलेलेच असे. 2019 मध्ये ते गेले. पुढे माझी वाराणसीस बदली झाली आणि आई आमच्याकडे राहावयास आली. दर रविवारी सारनाथला जाणे हा तिचा नेम झाला. तेथील मूलगंधकुटी विहार कोलंबोत जन्मलेल्या अनागारिक धर्मपालांच्या प्रयत्नांतून उभा राहिला आणि 1931 मध्ये खुला झाला. विहाराशेजारच्या बोधिवृक्षाचे रोप त्याच वर्षी श्रीलंकेतील अनुराधपुराहून आणून लावलेले आहे. अनुराधपूरचा वृक्ष म्हणजे बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी; सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तेथे नेली. गयेहून अनुराधपूर आणि तेथून पुन्हा काशीजवळ, असा हा या झाडाचा प्रवास. आईचे म्हणणे सरळ होते : “हे झाड जिथून आलं, ते झाड पाहायचं. बाकीचं तुम्ही ठरवा.”

खर्चाची जबाबदारीही तिने स्वतःकडे घेतली होती. कुटुंब निवृत्तिवेतनातून दरमहा 2,000 रुपयांची तीन वर्षांची आवर्ती ठेव तिने 2020 च्या नोव्हेंबरात उघडली होती, तीही मला न विचारता. बँकेत काम करणाऱ्या मुलीला हे खाते पासबुक छापून घेताना कळावे, यात आमच्या व्यवसायाची थोडी नाचक्कीच आहे. मुद्दल 72,000 रुपये अधिक व्याज. चौघांचा परदेश प्रवास तेवढ्यात होत नाही. परंतु आईचा वाटा त्यातून सहज निघणार होता आणि तिला तेवढेच हवे होते. सहकारी लगेच रजा प्रवास सवलतीची आठवण करून देतात, म्हणून येथेच सांगते : परदेश प्रवासासाठी ती सवलत आपल्याला वापरता येत नाही. वाकड्या वाटेने परदेश गाठून केलेल्या अशा प्रवासास प्राप्तिकरातील सूट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

खरे तर पहिली आखणी आम्ही 2022 च्या आरंभीच केली होती. परंतु त्याच एप्रिलमध्ये श्रीलंकेने विदेशी कर्जाची फेड थांबवीत असल्याचे जाहीर केले. पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. एका डॉलरला सुमारे 200 श्रीलंकन रुपये पडत होते, ते काही आठवड्यांत 360 च्या घरात गेले. वही मिटून ठेवली.

ती पुन्हा उघडली 2023 च्या दिवाळीनंतर. प्रथम सहल कंपन्यांची पत्रके आणली. सात दिवसांच्या बहुतेक सहलींत कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि बेंटोटाचा किनारा होता. अनुराधपूर एकाही पत्रकात नव्हते. ज्या एका झाडासाठी जायचे तेच वगळलेले! स्वतंत्रपणे जाण्याचा आमचा निर्णय साहसाच्या हौसेतून नव्हे, तर या एका कारणाने झाला.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक. नकाशा पाहून वाटते, आठवड्यात सारे बेट पालथे घालू. माझ्या यजमानांनी लाल पेनने कोलंबो, जाफना, त्रिंकोमाली, याला अभयारण्य, गॉल अशी पूर्ण प्रदक्षिणाच काढली होती. परंतु द्रुतगती मार्ग सोडले, तर तेथील रस्त्यांवर गाडीचा सरासरी वेग ताशी 35 ते 40 किलोमीटरच धरावा लागतो, घाटात त्याहूनही कमी. या हिशेबाने लाल रेघेचा अर्धा आठवडा गाडीतच गेला असता. आईचे वय तेव्हा 68, आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

तारखांचे गणित याहून अवघड होते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात बेटाचा पश्चिम व दक्षिण किनारा आणि डोंगराळ भाग भिजवतो. ईशान्येकडील पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तर आणि पूर्वेकडे बरसतो. डोंगर पाहायचे तर डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. परंतु डिसेंबरअखेर तिमाही आणि मार्चमध्ये वार्षिक ताळेबंद! बँक अधिकाऱ्यास दरवर्षी सलग 10 कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा मिळते खरी. पण ती पूर्वसूचनेशिवाय मिळते, आणि विमानाची तिकिटे पूर्वसूचनेशिवाय स्वस्त मिळत नाहीत. अखेर दिनदर्शिकेतच वाट सापडली. 26 जानेवारी 2024 शुक्रवारी, 27 ला चौथा शनिवार, 28 ला रविवार. पुढे सोमवार ते गुरुवार अशी चारच दिवसांची रजा घेतली की सात दिवस हाती.

अडचण एकच, 25 जानेवारीला पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेस ‘पोया’ म्हणून सार्वजनिक सुटी असते, आणि अनुराधपुरात त्या दिवशी पांढऱ्या वस्त्रांतील भाविकांचा लोट असतो. आईला पौर्णिमा साधावी असे वाटत असणार, याची मला कल्पना होती. मी चाचरत विषय काढला. ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशीचा चंद्र काय लहान असतो?” 25 च्या सायंकाळी बाबतपूर विमानतळावरून निघायचे, चेन्नईत रात्र काढायची आणि 26 ला कोलंबो, असे ठरले.

प्रवेशपत्राचा अर्ज संगणकावरून भरता येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये तेथील मंत्रिमंडळाने भारतासह सात देशांच्या पर्यटकांचे शुल्क माफ केले होते, त्याचा आम्हांस लाभ झाला. हे नियम त्यानंतर वारंवार बदलले आहेत. तेव्हा आपण जाल त्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळच पाहावे.

पैशांविषयी थोडे सविस्तर लिहिणे माझे कर्तव्यच आहे. श्रीलंकन रुपये येथे शोधत बसू नये. थोडे अमेरिकी डॉलर शाखेतून घ्यावेत आणि कोलंबो विमानतळावर गरजेपुरते बदलावेत, पावती जपावी. नेपाळ-भूतान वगळता अन्य देशांत जाताना भारतीय चलन दरडोई 25,000 रुपयांपर्यंतच जवळ बाळगता येते. आपले कार्ड परदेशात चालावे यासाठी ती सुविधा आपण स्वतः सुरू करावी लागते. 2020 पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू असतात, हे अनेक ग्राहकांना परदेशातील दुकानात उभे असताना कळते. तेथील यंत्र कधी कधी विचारते, रक्कम भारतीय रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात? स्थानिक चलनच निवडावे. भारतीय रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानाकडील विनिमय दर आणि त्याचे अधिक शुल्क मिसळलेले असते. आम्ही परतल्यानंतर अकराच दिवसांनी, 12 फेब्रुवारी 2024 रोजी, श्रीलंकेत यूपीआय सुरू झाले! यजमान अजून हळहळतात.

आता मार्ग. कटुनायके विमानतळ कोलंबो शहराच्या उत्तरेस आहे. अनुराधपूरही उत्तरेसच, सुमारे 170 किलोमीटर. म्हणून कोलंबोत न शिरता थेट तिकडेच निघालो. चालकासह मोटार सहा दिवसांसाठी ठरवली होती. चौघांस आणि दुखऱ्या गुडघ्यांस ती परवडते. घड्याळ बदलावे लागत नाही, दोन्ही देशांची वेळ एकच आहे. पहिल्या दोन रात्री अनुराधपूर, पुढच्या दोन कँडी, एक नुवारा एलिया, आणि शेवटची विमानतळानजीकच्या नेगोम्बोत. गॉल, याला, त्रिंकोमाली, जाफना ही सारी नावे खोडली.

27 तारखेच्या पानावर माझ्या वहीत लिहिले होते : ‘10.00 ते 10.40 बोधिवृक्ष. नंतर स्तूप. दुपारी मिहिंतले.’ बोधिवृक्ष उंच चौथऱ्यावर आहे. पादत्राणे आणि टोपी खालीच काढून पायऱ्या चढाव्या लागतात, आणि उन्ह चढले की दगड तापतात. म्हणून पायमोजे सोबत घ्यावेत. वृक्षाभोवती सोनेरी कठडा आहे आणि थकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, खालून पाहायचे. आई सावलीत एका भिंतीला टेकून बसली. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मी दोनदा घड्याळ पाहिले; यजमानांनी माझ्या हातातील वही काढून घेतली. बारा वाजून गेल्यावर आई उठली आणि म्हणाली, “यांना झाड एवढं बारीक असेल असं वाटलं नसतं.” ‘यांना’ म्हणजे वडिलांना. मिहिंतलेच्या टेकडीला 1,840 पायऱ्या आहेत. आम्ही त्या टाळल्या आणि दुपारी रुवनवेलीसाय या प्रचंड शुभ्र स्तूपापाशीच रमलो. त्या रात्री चंद्र होता तसाच मोठा होता.

सिगिरियाचा प्रश्न मात्र आधीच सोडवून ठेवला होता. पाचव्या शतकात राजा काश्यपाने ज्या उभ्या खडकावर राजवाडा बांधला, त्याला सुमारे 1,200 पायऱ्या. आम्ही पहाटेच निघालो. हबरणाजवळ रस्त्याच्या कडेला एक रानहत्ती उभा होता आणि मुलाची हत्तीची मागणी विनाशुल्क पूर्ण झाली. पितापुत्र खडकावर चढले. आई आणि मी पायथ्याच्या जलउद्यानात बसलो. सार्क देशांच्या नागरिकांना अशा स्थळी प्रवेशशुल्कात सवलत मिळते, मात्र प्रत्येकाचा पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो. आमचे चारही पासपोर्ट हॉटेलवर ठेवलेल्या पेटीत राहणार होते. निघताना आईने विचारले म्हणून बरे.

कँडीत दंतधातूचे मंदिर श्री दळदा मालिगावा पाहिले. बाबासाहेब ज्या गावी आले होते ते हे, एवढ्यावरच आई बराच वेळ तळ्याकाठी बसली. कँडीहून डोंगरात जाणाऱ्या आगगाडीचे आरक्षण सुमारे महिनाभर आधी खुले होते आणि पाहता पाहता संपते. आम्हांस ते मिळाले नाही. मग यजमान आणि मुलगा अनारक्षित डब्यात दाराशी उभे राहून चहाचे मळे पाहत नानू ओयास पोहोचले, आणि आम्ही मायलेकी रंबोडा घाटातून मोटारीने. कोणाचा प्रवास अधिक सुंदर झाला, यावर घरी अजून एकमत नाही. नोव्हेंबर 2025 मधील ‘दितवा’ चक्रीवादळात या डोंगरी लोहमार्गाचे फार नुकसान झाले. तेव्हा गाडी कोठून कोठपर्यंत धावते, याची खात्री केल्याखेरीज बेत करू नये.

नुवारा एलिया सुमारे 1,870 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वराहूनही बरेच उंच. जानेवारीत स्वेटर लागतोच. गावापुढील सीता एलिया येथे ओढ्याकाठी सीता अम्मन मंदिर आहे, लोक त्यास अशोकवाटिका मानतात. मुलाने तेथे विचारले, “मग रामनगरची रामलीला इथे का करत नाहीत?”

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. नारळाच्या चटणीसारख्या दिसणाऱ्या सांबोलात वाळवलेल्या मासळीचा चुरा असू शकतो. आधी विचारावे, किंवा तमिळ शैव खाणावळी शोधाव्यात. तेथे इडिअप्पम आणि भाज्या निर्धास्तपणे खाता येतात.

1 फेब्रुवारीच्या रात्री वाराणसीस परतलो आणि 2 तारखेस सकाळी दहाला मी खिडकीवर हजर होते. पुढच्या रविवारी आई नेहमीप्रमाणे सारनाथला गेली. त्याच आठवड्यात तिने नवी आवर्ती ठेव उघडली, या वेळी मला सांगून. वहीतील खोडलेली नावे तशीच आहेत. फक्त ‘गॉल’पुढे मुलाने पेन्सिलीने ‘2027’ लिहून ठेवले आहे. ठेवीची मुदत त्याच वर्षी संपते.