जिरेटोप उतरवल्यावर

लाल महालावर छापा पडला एप्रिल १६६३ मध्ये. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, सुरतेच्या वाटेवर असलेल्या शिवाजी महाराजांनी जव्हारच्या माळावर मुक्काम केला. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचं स्वागत करून मानाचा तुरा मस्तकी खोवला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तो माळ म्हणजेच शिरपामाळ. तिथे आज स्मारक आहे. जव्हारला आलेला पर्यटक जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा उरकतो आणि वेळ राहिलाच तर इकडे वळतो. महाराज इथून पुढे गेले आणि जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात सुरत लुटली गेली.

लाल महालाचा छापा मराठी प्रेक्षकाला पाठ आहे. २०१९ च्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये त्याने तो मोठ्या पडद्यावर पाहिला. त्यात महाराज झाले होते चिन्मय मांडलेकर. २०१८ चा ‘फर्जंद’, मग ‘फत्तेशिकस्त’, २०२२ मध्ये ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’, २०२३ मध्ये ‘सुभेदार’ असे दिग्पाल लांजेकरांचे चित्रपट येत गेले आणि पाचही वेळा जिरेटोप मांडलेकरांच्याच डोक्यावर राहिला. पन्हाळा, लाल महाल, घोडखिंड, प्रतापगड, सिंहगड एवढं सगळं झालं. सुरतेची मोहीम मात्र यांपैकी एकाही चित्रपटाचा विषय नाही, त्यामुळे शिरपामाळाचं नाव सिनेमाच्या प्रेक्षकाच्या कानावर पडायचं राहूनच गेलं.

हा जिरेटोप मराठी नटाला नवा नाही. १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटात दिग्दर्शक बाबूराव पेंटर स्वतःच शिवाजी झाले. १९३० च्या ‘उदयकाल’मध्ये व्ही. शांतारामांनी दिग्दर्शन सांभाळून ती भूमिका केली. पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’तून (१९५२) चंद्रकांत मांडरे यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. हिंदीत श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये नसीरुद्दीन शाह, तर २०२० च्या ‘तान्हाजी’त शरद केळकर महाराज झाले. मात्र नसीरुद्दीन शाह म्हटल्यावर कुणाला आधी जिरेटोप आठवत नाही. मराठी नटाला ती सवलत मिळत नाही.

डॉ. अमोल कोल्हे हे याचं ठळक उदाहरण. केईएममध्ये शिकलेला हा डॉक्टर २००८ मध्ये स्टार प्रवाहच्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत महाराज झाला, मग ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त संभाजी महाराज. सिनेमा अडीच तासांत संपतो, मालिका रोज संध्याकाळी जेवणाच्या ताटासमोर येऊन बसते. २०१९ मध्ये, संभाजीची मालिका चालू असतानाच, कोल्हे शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. पराभूत उमेदवाराचं नाव होतं शिवाजीराव आढळराव पाटील! नियतीलाही कधीकधी बरा पटकथाकार मिळतो.

मांडलेकरांची वाट वेगळी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेला हा नट लेखकही आहे आणि दिग्दर्शकही. टीव्हीवर ‘वादळवाट’ आणि ‘तू तिथे मी’, रंगभूमीवर ‘सुखांशी भांडतो आम्ही’ आणि मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचं ‘समुद्र’. आज मराठीत नुसत्या नाटकावर घर चालवणं अवघड आहे. मालिका महिन्याचा खर्च भागवते, सिनेमा नाव देतो आणि उरलेल्या तारखांत नाटकाचे प्रयोग बसवावे लागतात. ही कसरत बहुतेक नट करतात. तिच्यातून वेळ काढून लिहिणारे थोडे.

२०२२ चं वेळापत्रकच पाहावं. १८ फेब्रुवारीला ‘पावनखिंड’ लागला, त्यात मांडलेकर शिवराय. ११ मार्चला ‘द काश्मीर फाइल्स’ आला, त्यात तेच क्रूर अतिरेकी बिट्टा. २२ एप्रिलला ‘शेर शिवराज’, पुन्हा शिवराय. सुमारे दोन महिन्यांत एकाच चेहऱ्यापुढे थिएटरात जयघोषही झाला आणि त्याच चेहऱ्याचा संतापही आला. नटाच्या हुकमतीचा याहून मोठा दाखला कुठला द्यायचा?

प्रेक्षक मात्र एवढा लवचीक नसतो. एप्रिल २०२४ मध्ये मांडलेकरांच्या मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर टोळधाड पडली. कुटुंबाला होणारा त्रास पाहून त्यांनी यापुढे शिवरायांची भूमिका न करण्याचं जाहीर केलं. महाराजांचं काम करणाऱ्याने घरातही महाराजांना शोभेल असंच वागावं, आणि शोभेल म्हणजे काय ते आम्ही ठरवू, असा हा हट्ट.

शिरपामाळाच्या आसपासच्या गावांत या हट्टाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून रात्री होणाऱ्या सोंगांच्या उत्सवात, अनेक गावी सोंगाचा मान घराण्याकडे असतो. बाप ज्या देवाचा किंवा दैत्याचा मुखवटा चढवायचा, तोच पुढे मुलगा चढवतो. जव्हारजवळच्या रामखिंडीत कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनतात. मशालींच्या उजेडात संबळ वाजू लागतो, सोंगानुसार चाल बदलते आणि मुखवट्याआडचा माणूस तेवढ्या रात्रीपुरता देव होतो. सकाळी तो शेतावर जातो. रावणाचं सोंग घेतलं म्हणून त्याला कुणी रावण म्हणत नाही, आणि देवाचं घेतलं म्हणून त्याच्या मुलाबाळांची नावं तपासत नाही. एकच सोंग जन्मभर करणं इथे मानाचं, आणि मुखवटा उतरला की हिशोब संपला. शहरी प्रेक्षकाने जव्हारला येऊन एवढं तरी शिकून जावं.

मांडलेकरांचं काम थांबलेलं नाही. त्यांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं ‘गालिब’ हे नाटक रंगभूमीवर आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच लिहून दिग्दर्शित केलेला, मनोज बाजपेयींचा ‘इन्स्पेक्टर झेंडे’ नेटफ्लिक्सवर आला. चार्ल्स शोभराजला पकडणाऱ्या मधुकर झेंडे या मराठी पोलीस अधिकाऱ्यावर तो बेतलेला आहे. ज्यांनी मांडलेकरांना फक्त जिरेटोपात पाहिलंय, त्यांनी ही दोन कामं जरूर पाहावीत.