फळांपेक्षा सावली मोलाची

टेपनं भिंतीला चिकटवलेलं केळं २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपयांना गेलं. घेणाऱ्यानं हाँगकाँगमध्ये तसं केळं खाल्लंही. मौरिझियो कातेलानच्या या कलाकृतीवर तेव्हा सगळीकडे भरपूर बोलून झालं. तिथे खरेदीदाराला मिळतं ते प्रमाणपत्र आणि केळं कसं चिकटवायचं याच्या सूचना. मला मात्र या निमित्तानं अँडी वॉरहॉल या अमेरिकी चित्रकाराच्या फळांबद्दल लिहायचंय. तीही चढ्या भावानं विकली जातात, पण त्यांच्यात डोळ्यांना गुंतवून ठेवणारं पुष्कळ काही आहे.

१९७९ मध्ये वॉरहॉलनं ‘स्पेस फ्रूट’ हा सहा स्क्रीनप्रिंट्सचा संच केला. सफरचंदं, पेअर, पीच, कलिंगड आणि खरबुजांची दोन चित्रं. प्रत्येक कागद ३० बाय ४० इंचांचा. पांढऱ्या पृष्ठभागावर फळं मांडायची, एका बाजूनं झगझगीत प्रकाश सोडायचा आणि फोटो घ्यायचा, अशी सुरुवात. त्या प्रकाशात फळाची सावली लांब पसरते आणि छापताना तिला फळाच्या तोडीचा गडद, सपाट रंग मिळतो. युरोपातल्या जुन्या चित्रकारांनी फळाला गोलाई आणि वजन देण्यासाठी सावली वापरली. इथे सावलीच स्वतंत्र आकार घेऊन चित्रात ठाण मांडते. या संचाचा खरा नायक तीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्क्रीनप्रिंटिंग आपल्याला नवं नाही. लग्नपत्रिका, बॅनर, टी-शर्ट याच तंत्रानं छापत आले आहेत. ताणलेल्या जाळीवर आकार मोकळा ठेवायचा, बाकीची छिद्रं बुजवायची आणि शाई रबरी पट्टीनं दाबून खाली उतरवायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. पत्रिकेत रंग केसभर हलला तरी गिऱ्हाईक गठ्ठा परत करतं. वॉरहॉलच्या फळांत मात्र रेघ एकीकडे आणि रंगाचा तुकडा दुसरीकडे, हे मुद्दाम केलेलं असतं. हातानं काढलेली बाह्यरेषा रंगाच्या कडेवरून निसटते, कातरलेल्या रंगीत कागदासारखे तुकडे मधूनच फळाला छेदून जातात. हे निसटणं प्रत्येक प्रतीत तंतोतंत तसंच आणायचं, तर छापणाऱ्याचा हात पक्का लागतो. वॉरहॉलसाठी हे काम रूपर्ट जेसन स्मिथ करत असे. लिलावाच्या बातमीत त्याचं नाव क्वचित येतं. ते ठळक छापलं जायला हवं.

आता भाव. प्रत्येक चित्राच्या क्रमांक घातलेल्या १५० प्रती निघाल्या, शिवाय काही प्रती कलाकारासाठी राखलेल्या. या संचातल्या सुट्या प्रतीला लिलावात पाच आकडी डॉलर सहज मिळतात. याच वॉरहॉलची मेरिलिन मन्रो २०२२ मध्ये साडेएकोणीस कोटी डॉलरला गेली. तिच्यातही स्क्रीनप्रिंटिंगच आहे, पण ते कॅनव्हासवर आणि त्या मालिकेत कॅनव्हास पाचच. तंत्र तेच असताना भावात एवढी दरी पडते, ती मुख्यतः संख्येमुळे आणि त्या चेहऱ्याच्या कीर्तीमुळे.

प्रतीवर पेन्सिलीची सही आणि क्रमांक असला, कडा कापलेल्या नसल्या, रंग उन्हानं उडालेले नसले तर भाव टिकतो. सहाचा संच एकत्र असेल तर आणखी चांगलं. ३/१५० ही प्रत १४०/१५० पेक्षा सरस, हा मात्र गैरसमज. स्क्रीनप्रिंटमध्ये क्रमांकावरून छपाईचा दर्जा ठरत नाही. वॉरहॉलच्या कलाकृतींची सत्यता ठरवणारं मंडळ २०१२ मध्ये बंद झालं. तेव्हापासून जुन्या पावत्या, मालकीचा माग आणि छापील सूचीतली नोंद यांचं वजन वाढलंय.

दीडशेनंतर ती स्क्रीन आणखी प्रती देऊ शकली असती. थांबायचं ठरवलं ते बाजारासाठी. मुंबईच्या गॅलऱ्यांत हुसेन, रझा यांच्या सेरिग्राफना, म्हणजे स्क्रीनप्रिंटनाही हाच हिशेब लागू पडतो आणि तिथेही गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा सहीचा आणि क्रमांकाचाच असतो. मला हे खटकतं. जाहिरातींच्या आणि दुकानांच्या दुनियेतलं तंत्र वॉरहॉलनं कलेत आणलं, त्यातली मोठी गोष्ट म्हणजे एकाच चित्राची अनेक घरं होऊ शकतात. दुर्मिळतेचा भाव उद्या चढेल किंवा पडेल. म्हणून प्रिंट घेणाऱ्यानं आधी ते भरपूर पाहावं, रोज समोर हवंसं वाटतंय का हे स्वतःला विचारावं आणि त्यानंतरच सही तपासावी. वॉरहॉलची फळं या कसोटीला उतरतात. निव्वळ गुंतवणूक म्हणून जे प्रिंट बंद कपाटात ठेवायचंय, ते न घेतलेलंच बरं.