किनाऱ्यावर बसलेल्यांचे निर्णय

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच लातूरची आणि शेजारच्या नांदेडची पोरं मर्चंट नेव्हीत जातात, याची मुंबईकरांना अजून गंमत वाटते. त्यात गंमत कसली? बारावीला गणित-फिजिक्स बरं असतं, इंजिनिअरिंग करून नोकरीचा भरवसा नसतो आणि जहाजावर पगार डॉलरमध्ये मिळतो. मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची (आयएमयू) प्रवेश परीक्षा द्यायची, देवगिरी नाहीतर लातूर एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची आणि डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरसमोर उभं राहायचं. डेकवर काम करायचं तर रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखता आला पाहिजे. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावरून ते कुठल्या बाजूला चाललंय ते कळतं. घरच्यांना मात्र एकच घोर असतो: पोराला पोहता येतं का?

२०२० पासूनचा काळ पाहिला तर या घोरापेक्षा मोठं संकट जमिनीवरून आलेलं दिसतं. जहाजावरची माणसं लाटांनी जितकी पिडली, त्याहून जास्त किनाऱ्यावर बसलेल्यांच्या निर्णयांनी पिडली.

मार्च २०२० मध्ये जगभरची बंदरं मालासाठी उघडी आणि माणसांसाठी बंद झाली. कोळसा उतरवायचा, पण तो आणणाऱ्याने शिडीखाली पाय ठेवायचा नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा २००६ चा करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्याच्या हिशेबाने खलाशाला सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवता येत नाही. २०२० च्या अखेरीस मुदत संपूनही अडकलेल्यांचा अंदाज चार लाखांवर गेला. आपल्या गृहमंत्रालयाने त्याच वर्षी २१ एप्रिलला खलाशांच्या चढण्या-उतरण्याची नियमावली काढली, तेव्हा कुठे ‘मरेला डिस्कव्हरी’ या क्रूझवरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले.

अकरा महिन्यांची ही मर्यादा का, हे समजायला रात्रीचा बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, पाहावा. ब्रिजवर अंधार, रडारचा पडदा, एक सेकंड ऑफिसर आणि सोबत नजर ठेवायला एक खलाशी. ऑफिसर पेंगला तर जहाजाला कळावं म्हणून एक अलार्म असतो. ठरावीक मिनिटांनी बटण दाबून ‘मी जागा आहे’ हे त्याला सांगावं लागतं. दुपारी पुन्हा तोच बारा ते चार. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असतील तरच तो सक्तीचा. औषधांचं कपाट बहुधा याच सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असतं. कुणाच्या छातीत दुखलं तर सॅटेलाइट फोनवर डॉक्टरला विचारून इंजेक्शन तोच देतो. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा नियम आहे आणि तिची वहीही ठेवली जाते. वही भरणं आणि झोप मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढंच.

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळ खडकावर चढलं. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. कॅप्टन भारतीय होता. त्या संध्याकाळी जहाजावर एकाचा वाढदिवस होता, आणि घरी फोन लागावा, नेटवर्क मिळावं म्हणून जहाज किनाऱ्याजवळून नेलं, असं चौकशीत पुढे आलं. काहींचे करार केव्हाच संपले होते. २०२१ च्या डिसेंबरात कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा चूक होती असं मी म्हणत नाही; चूक जहाज चालवणाऱ्यांचीच होती. पण ज्या बंदरांनी माणसं उतरू दिली नाहीत, त्यांना त्या कोर्टात कुणी बोलावलं नाही.

२०२० मध्येच ‘जग आनंद’ या जहाजावरचे २३ आणि ‘अनास्तासिया’वरचे १६ भारतीय चीनच्या बंदरांबाहेर महिनोन्‌महिने नांगर टाकून बसले होते. माल होता ऑस्ट्रेलियाचा कोळसा आणि भांडण दोन सरकारांचं. ‘जग आनंद’ जूनमध्ये तिथे पोचलं होतं. त्याची सुटका जानेवारी २०२१ मध्ये, तीही जपानमार्गे.

मग आलं तौक्ते चक्रीवादळ. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्जवर २६१ माणसं होती. त्यांत वेल्डर, फिटर असे कंत्राटी कामगारच पुष्कळ. या बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं, हलवायचं तर टगने ओढून न्यावं लागे. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरी बार्ज तेलक्षेत्रातच राहिला. नांगर तुटले आणि १७ मे २०२१ च्या संध्याकाळी तो बुडाला. बरेच लाइफराफ्ट निकामी होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्याच वादळात बुडालेल्या ‘वरप्रदा’ टगवरचे १३ जण धरून २७४ पैकी १८८ वाचले, ८६ गेले. खवळलेल्या समुद्रातून माणसं वेचणाऱ्या नौदलाचं कौतुक झालं, ते योग्यच. बार्ज वेळेत का हलवला नाही, हा प्रश्न मात्र वादळाला विचारून भागत नाही.

त्यानंतर कागद बराच सुधारला. २३ डिसेंबर २०२४ पासून खलाशाला इंटरनेट, मापात बसणारी सुरक्षासाधनं आणि मोफत पिण्याचं पाणी मेरिटाइम लेबर करारात लिहून मिळालं. होय, पाणीसुद्धा, टँकर पाहिलेल्या लातूरकराला याचं नवल वाटायचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये खलाशांना ‘अत्यावश्यक कामगार’ मानण्याची दुरुस्ती मंजूर झाली. ती लागू व्हायला डिसेंबर २०२७ उजाडेल.

जुनं दुखणं मात्र वाढतंच आहे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये मालकांनी ३१२ जहाजं वाऱ्यावर सोडली. त्यांवरच्या ३,१३३ खलाशांत सर्वाधिक, ८९९, भारतीय होते. दोन महिने पगार थकला की जहाज सोडून दिलेलं धरतात आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार मिळू शकतो. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं मेरिटाइम लेबर करारात बसत नाही, आणि भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. तरीही जमीन विकून एजंटाच्या हातावर लाखो रुपये ठेवले जातात. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.