तांब्याचे नाणे आणि बाजाराचा विश्वास

राजाचे वैभव सोन्याच्या नाण्यावर झळकते; सामान्य माणसाचा संसार मात्र तांब्याच्या नाण्यावर चालतो. मूठभर मीठ किंवा पणतीपुरते तेल घेण्यास सोन्याचा होन उपयोगी पडत नाही. म्हणूनच एखाद्या राज्याची पत पारखावयाची असेल, तर त्याचे सुटे चलन पाहावे. बंगळूरच्या इतिहासात याचे उत्तम उदाहरण आढळते.

हत्तीचा पैसा

टिपू सुलतानाच्या राजवटीत (१७८२–१७९९) श्रीरंगपट्टण, नगर यांप्रमाणे बंगळूरच्या टांकसाळीतही तांब्याची नाणी पडत. एका बाजूस हत्ती व दुसऱ्या बाजूस फारसी लिपीत टांकसाळीचे नाव असे. पुढे या नाण्यांना ग्रहताऱ्यांची नावे मिळाली : दोन पैशांचे ‘मुश्तरी’ म्हणजे गुरू, एक पैशाचे ‘जोहरा’ म्हणजे शुक्र, अर्ध्या पैशाचे ‘बहराम’ म्हणजे मंगळ, पाव पैशाचे ‘अख्तर’ म्हणजे तारा आणि अर्ध्या पावाचे ‘कुत्ब’ म्हणजे ध्रुव. प्रत्येक नाणे आधीच्या नाण्याच्या निम्म्या मोलाचे असल्याने हिशेब सोपा होता. निरक्षरालाही हत्ती ओळखता येई. टिपूनंतर वडियार घराणे पुन्हा गादीवर आले, तरी तांब्याच्या नाण्यावर हत्ती कायम राहिला. सत्ता बदलली, पण बाजाराच्या परिचयाचे चिन्ह लगेच पुसले गेले नाही.

रोमचा धडा

याच काळात इटलीतील मोठ्या प्रदेशावर पोपचे राज्य होते. तेथे एका ‘स्कूदो’चे १०० ‘बायोको’ व एका ‘बायोको’चे ५ ‘क्वात्रिनो’ होत. पोप सहावे पायस (१७७५–१७९९) यांच्या अखेरच्या वर्षांत खजिना रिता झाला व कागदी चलनाची पत ढासळली. तेव्हा अनेक गावांतील टांकसाळींतून अडीच व पाच बायोकोंची तांब्याची नाणी मोठ्या संख्येने काढण्यात आली. त्यांवर अनुक्रमे संत पीटर व मेरीमाता यांच्या प्रतिमा होत्या. परंतु दर्शनी मूल्याइतके मोल धातूत नव्हते. पवित्र प्रतिमेनेही चलनाची घसरण थांबली नाही. अशा वेळी सर्वाधिक झळ बसते ती ज्याची सारी पुंजी तांब्यातच असते त्याला.

एकसूत्री चलनाकडे

म्हैसूर संस्थानची टांकसाळ १८३३ मध्ये बंगळूरला आली आणि १८४३ मध्ये बंद झाली. दरम्यान १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया प्रमाण ठरला होता. त्याचे १६ आणे अथवा ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.

५० पैशांचे नाणे मात्र आजही विधिग्राह्य आहे. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार ही नाणी १० रुपयांपर्यंतच्या, तर एक रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी ग्राह्य आहेत. तेव्हा सुटे नाणे नाकारण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. चलनाची पत शेवटी ते विश्वासाने स्वीकारणाऱ्या हातांवरच अवलंबून असते.