परक्लोरेट संयुगे : ऑक्सिजनचा घनरूप साठा

संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या नाशिक येथील प्रगत ऊर्जाद्रव्य केंद्रात घन प्रणोदकाच्या रॉकेट मोटारींवर काम चालते. अशा प्रणोदकाचा बहुतांश भाग एका पांढऱ्या स्फटिकी लवणाचा असतो. हे लवण म्हणजे अमोनियम परक्लोरेट. ते ज्या कुळातील आहे, त्या कुळाची ओळख जिज्ञासू वाचकाला असावयास हवी.

परक्लोरेटे ही परक्लोरिक आम्लाची लवणे होत. त्यांच्या ऋणायनात क्लोरीनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात आणि क्लोरीन +7 या आपल्या सर्वोच्च ऑक्सिडीकरण अवस्थेत असतो. त्यामुळे हा आयन तीव्र ऑक्सिडीकारक ठरावा. प्रत्यक्षात थंड, विरल द्रावणात तो जवळजवळ निष्क्रिय राहतो, कारण चार ऑक्सिजन अणूंच्या वेढ्यामुळे क्लोरीनपर्यंत अन्य रेणू सहजी पोहोचत नाहीत. उष्णता मिळाली की मात्र हाच आयन ऑक्सिजन मुक्तपणे देऊ लागतो. या संयुगांचे बहुतेक उपयोग आणि धोके या दुहेरी स्वभावातूनच उद्भवतात, असे म्हणता येईल.

फ्रीड्रिख फोन श्टाडिओन यांनी 1816 च्या सुमारास व्हिएन्नात या संयुगांचा शोध लावला. निसर्गात ती चिलीतील आटाकामा वाळवंटाच्या नायट्रेट साठ्यांत आढळतात. 2008 मध्ये फिनिक्स यानाला ती मंगळाच्या मातीतही सापडली. उद्योगात ती विद्युत् विच्छेदनाने तयार होतात.

धन आयनानुसार गुणधर्म लक्षणीय बदलतात. 25° से. तापमानास 100 ग्रॅम पाण्यात सोडियम परक्लोरेट 200 ग्रॅमहून अधिक विरघळते, तर पोटॅशियमचे जेमतेम दोन ग्रॅम. निर्जल मॅग्नेशियम परक्लोरेट उत्तम शुष्ककारक आहे. लिथियम परक्लोरेटच्या वजनात सुमारे 60 टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून अंतराळस्थानकात श्वसनासाठी ऑक्सिजन निर्माण करण्यास ते वापरले गेले.

अमोनियम परक्लोरेटात हे प्रमाण सुमारे 54 टक्के आहे. तरीही रॉकेटसाठी तेच श्रेष्ठ ठरले. पोटॅशियम लवण जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा घन पदार्थ मागे उरतो. अमोनियम लवणाचे मात्र संपूर्णपणे वायूंत रूपांतर होते आणि रॉकेटला रेटा देण्यास वायूच हवेत. ॲल्युमिनियमची पूड त्यात मिसळून रबरासारख्या बहुवारिकाने मिश्रण बांधतात. हे बंधक द्रव्य इंधनाचेही काम करते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असे सुमारे 139 टन प्रणोदक असते. त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड येतो, हा या निवडीचा दोष होय.

साठवणीतील जोखीम 4 मे 1988 रोजी अमेरिकेतील हेंडरसन येथे दिसली. तेथील अमोनियम परक्लोरेटच्या कारखान्यात आग लागून प्रचंड स्फोट झाले, दोघांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोक जखमी झाले.

आरोग्यावरील परिणाम वेगळ्या मार्गाने होतो. आकार व भार आयोडाइडसारखा असल्याने परक्लोरेट आयन अवटु ग्रंथीत आयोडीन शिरण्यास अडथळा करतो. याच गुणामुळे 1950 नंतरच्या दशकात अतिक्रियाशील अवटु ग्रंथीवर पोटॅशियम परक्लोरेट हे औषध म्हणून दिले जात असे. काही रुग्णांत अस्थिमज्जेवर घातक परिणाम दिसल्यावर त्याचा वापर घटला. हा आयन मातीला फारसा चिकटत नाही आणि भूजलासोबत दूर जातो. गाळून किंवा उकळून तो निघत नाही. त्यासाठी आयन-विनिमय रेझिने वापरतात किंवा ऑक्सिजनविरहित स्थितीत त्याच्याच आधारे श्वसन करणाऱ्या जीवाणूंकडून त्याचे साध्या क्लोराइडात रूपांतर करून घेतात.